तर्री वेगळी, भात अर्धा

बाहेरचे खाणे आणि आरोग्य यांच्या संबंधाविषयीचे बहुतेक लेखन महानगरातील ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून झालेले असते. त्या ग्राहकाच्या हाती छापील मेनूकार्ड असते, एक उपाहारगृह पसंत पडले नाही तर शेजारी दुसरे असते, आणि आज काय खावे या प्रश्नावर विचार करण्याइतकी सवडही त्याला असते. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या धानपट्ट्यातील गावी यांपैकी काहीच गृहीत धरता येत नाही. तरीही तेथील माणूस बाहेर खातो, आणि पूर्वीपेक्षा अधिक खातो. २०२२-२३ च्या राष्ट्रीय कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्चापैकी ९.६२ टक्के खर्च पेये, फराळ, तयार जेवण आणि प्रक्रिया केलेले अन्न यांवर होतो, आणि हा वाटा तृणधान्यांवरील खर्चाच्या जवळपास दुप्पट आहे. एकोडीच्या परिसरात हा खर्च आठवडी बाजारातल्या आलुबोंड्यावर होतो, दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईतल्या भज्यांवर आणि जिलेबीवर होतो, तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांच्या महिनेवारी मेसवर होतो, आणि मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या साकोलीच्या ढाब्यांवर व भोजनालयांत होतो.

या खाण्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी येथे परस्परांसमोर ठेवल्या आहेत. एक दृष्टी महाविद्यालयात आहारशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापिकेची आहे, तर दुसरी एकोडीत घर व धानाची शेती असलेल्या आणि महामार्गालगत भोजनालय चालवणाऱ्या गृहस्थांची आहे. दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. त्यांच्या भूमिका मात्र कोणत्याही भोजनालयाच्या गल्ल्यापाशी ऐकू येतील अशाच आहेत.

अध्यापिकांनी सुरुवात तेलापासून केली. “हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, भाऊ, आणि त्यांत दिवसाला सुमारे दोन हजार उष्मांक लागणाऱ्या माणसासाठी स्वयंपाकाचे तेल-तूप २७ ग्रॅम धरले आहे. उष्मांक म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचे माप. मोठा चमचाभर तेल साडेतेरा-चौदा ग्रॅम भरते आणि त्यातून सुमारे १२० उष्मांक मिळतात. तुमच्या रश्श्याच्या वाटीवर असे दोन चमचे तेल सहज तरंगत असते, म्हणजे दिवसभराचे तेल त्या एका वाटीत संपते. भाजीच्या फोडणीतले, पापडातले आणि सकाळच्या तर्रीपोह्यांतले तेल वेगळेच.”

“तर्री काढली तर उरते काय, मॅडम?” असे भोजनालयचालकांनी विचारले, आणि त्यांचा प्रश्न केवळ चवीपुरता नव्हता. तर्री म्हणजे रश्श्यावर येणारा लाल, मसाल्याचा अर्क उतरलेला तेलाचा थर. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून पुढे भोजनालयांत आलेल्या सावजी स्वयंपाकाने या थराला पूर्व विदर्भात प्रतिष्ठेचे स्थान मिळवून दिले. गिऱ्हाईक रश्श्याची परीक्षा तोंडात घास घालण्याआधी डोळ्यांनी करते, तर्री पातळ दिसली की मालकाने हात आखडला असे समजते आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या भोजनालयासमोर गाडी उभी करते, हे त्यांनी विस्ताराने सांगितले. शिवाय मसाल्यातील रंग आणि सुगंध देणारे बरेचसे घटक तेलातच विरघळतात, त्यामुळे तेल कमी केले की मसाला वाया जातो, अशीही त्यांची तक्रार होती. ही तक्रार पाकशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे, आणि आहाराचा उपदेश करणारे ती सहसा विचारात घेत नाहीत.

अध्यापिकांनी ती मान्य केली, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य केला नाही. मसाला परतण्यापुरते तेल लागते ही गोष्ट खरी असली, तरी परतून झाल्यावर वर आलेले सगळे तेल गिऱ्हाइकाच्या वाटीतच पडले पाहिजे असा कोणताही पाकनियम नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. “डाव तळातून घालून रस्सा वाढावा आणि वरची तर्री छोट्या वाटीत वेगळी द्यावी. ज्याला हवी तो ओतून घेईल. नागपूरला पोह्यांवर तर्री मागून घेतात, तसा हा व्यवहार लोकांच्या अंगवळणी पडलेलाच आहे. तो फक्त जेवणाच्या ताटापर्यंत आणायचा आहे.”

यावर भोजनालयचालकांनी श्रमाचा मुद्दा काढला. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे धानाची रोपे चिखलात लावण्याच्या हंगामात, दिवसभर वाकून काम करणाऱ्या माणसाला दोन हजार उष्मांकांचे गणित सांगणे ही चेष्टा आहे, त्याला तेलही लागते आणि भाताचा डोंगरही लागतो, असे ते म्हणाले. अध्यापिकांचे उत्तर थोडे तिखट होते. “रोवणीची बाई तुमच्याकडे जेवायला येतच नाही, भाऊ, ती शिदोरी बांधून बांधीवर जाते. तुमच्या टेबलाशी बसतो तो दिवसभर बसलेलाच माणूस असतो, मग तो ट्रकचा ड्रायव्हर असो, कार्यालयातला कर्मचारी असो की परीक्षेच्या अभ्यासाला आलेला मुलगा असो. कष्टकऱ्याच्या नावाने वाढलेले ताट बैठे काम करणाऱ्याच्या पोटात जाते.”

हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचे सांगतात; त्यात ग्रामीण भागातील प्रमाणही ८.९ टक्के आहे. गावचा माणूस राबतो म्हणून त्याला हा आजार होत नाही, ही जुनी खात्री आता टिकत नाही.

भोजनालयचालकांनी मग आपला सर्वांत भक्कम पुरावा पुढे केला, आणि तो लाखोळीचा होता. लाखोळी किंवा लाख हे धानाच्या बांधीतले दुसरे पीक. धान उभा असतानाच ओलाव्यावर बी फेकायचे आणि कापणीनंतर ते वाढू द्यायचे, या पद्धतीने भंडारा परिसरात ते पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. पाणी कमी मिळाले तरी ते तगते, त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि डाळीचे वरण व वडे होतात. “आमच्या आजोबांनी जन्मभर लाखोळी खाल्ली आणि शेवटपर्यंत नांगर धरला. मग शहरातून शास्त्रज्ञ आले आणि म्हणाले की हे विष आहे. उद्या तर्रीबद्दलही तसेच कशावरून होणार नाही?”

अध्यापिकांनी हा पुरावा झिडकारला नाही. उलट तो सविस्तर उलगडून दाखवला. लाखोळीत ओडॅप या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक अमिनो आम्ल असते आणि ते मज्जातंतूंना घातक ठरू शकते. त्यातून लॅथिरिझम नावाचा पांगळेपणा येतो, ज्यात पायांतील स्नायू ताठरतात आणि माणसाला काठीच्या आधाराशिवाय चालता येत नाही. १८३० च्या सुमारास मध्य भारतातील सागर भागात लागोपाठ काही वर्षे गहू बुडाला, शेतांत हेच कडधान्य तेवढे तगले, लोकांना त्यावरच गुजराण करावी लागली आणि अनेकांचे पाय गेले, याची नोंद विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली आहे. १९६१ पासून देशाच्या बहुतेक भागांत लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. ती उठवावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ लढा दिला. दरम्यान कृषिशास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक आणि महातिवडा असे कमी ओडॅपचे वाण तयार केले. “तुमचे आजोबा आणि ते शास्त्रज्ञ, दोघेही खरे होते,” अध्यापिका म्हणाल्या. “आजोबांच्या ताटात लाखोळीबरोबर भात होता, तलावातले मासे होते, अंबाडीची भाजी होती, आणि डाळ भिजवून पाणी फेकण्याची घरची रीत होती. त्या पाण्याबरोबर ओडॅपचा बराच भाग निघून जातो. पांगळेपणा आला तो लाखोळीखेरीज ताटात काहीच उरले नाही अशा घरांत, आणि तोही कित्येक आठवडे, महिने तेच खाल्ल्यावर.”

“म्हणजे प्रश्न पदार्थाचा नाही, किती वेळा खाल्ला याचा आहे,” भोजनालयचालक लगेच म्हणाले, आणि वाद आपण जिंकला असे त्यांना वाटले असावे. कारण या तत्त्वानुसार नागझिरा अभयारण्य पाहून परतताना वर्षातून एकदा सावजी मटण खाणाऱ्या कुटुंबाला कोणताही उपदेश करण्याची गरज उरत नाही. अध्यापिकांनी हे विनाशर्त कबूल केले. वर्षाकाठच्या जेवणाला उष्मांकांचा तराजू लावणे हा त्या जेवणाचा आणि आहारशास्त्राचा, दोहोंचाही अपमान आहे, असे त्यांचे मत होते. मात्र त्याच तत्त्वाची दुसरी बाजू त्यांनी लागलीच पुढे ठेवली: किती वेळा खाल्ले यावर सगळे अवलंबून असेल, तर महिनेवारी मेसचा मुलगा आणि आठवड्यातून चारदा त्याच ढाब्यावर थांबणारा ड्रायव्हर यांची जागा लाखोळीवर जगणाऱ्या दुष्काळातल्या कुटुंबाच्या दिशेने सरकते, कारण त्यांच्यापुढेही दुसरे ताट नसते. अशा माणसाला ‘शहाणपणाने निवड करा’ असे सांगण्यात अर्थ नाही. त्याच्यासाठी निवड भोजनालयाच्या भटारखान्यातच झालेली असते.

येथे वादाचा रोख ग्राहकावरून चुलीकडे वळला, आणि कायदा कुठे पोहोचतो हा प्रश्न आला. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार पदार्थासमोर उष्मांक छापण्याचे बंधन जुलै २०२२ पासून लागू आहे, पण ते केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा अथवा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना. तळणाच्या तेलाबाबतही असेच आहे. तेल पुनःपुन्हा तापवले की त्याचे विघटन होऊन जी द्रव्ये साचतात, त्यांना एकत्रितपणे एकूण ध्रुवीय संयुगे म्हणतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरण्यास २०१८ पासून मनाई आहे. मर्यादा सर्वांना सारखी असली, तरी तेलाच्या वापराची नोंदवही ठेवण्याची सक्ती दिवसाला ५० लिटरांहून अधिक तेल वापरणाऱ्यांना आहे. साकोलीच्या रस्त्यावरचे एकटे भोजनालय आणि एकोडीच्या बाजारातली आलुबोंड्याची गाडी या दोन्ही नोंदींतून सुटतात. जेथे रोजचे गिऱ्हाईक सर्वाधिक अगतिक असते, नेमकी तेथेच माहिती सर्वांत कमी असावी, ही विसंगती कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली नसेल असे मानणे कठीण आहे. लहान धंद्यावर कागदांचे ओझे नको हा त्यामागचा विचार समजण्यासारखा असला, तरी त्याची किंमत जेवणारा मोजतो.

“ध्रुवीय संयुगे मोजायचे यंत्र आमच्याकडे कुठून येणार?” भोजनालयचालकांनी विचारले. अध्यापिकांनी यंत्राचा आग्रह धरला नाही. कढईकडे नीट पाहिले तरी पुष्कळ कळते, असे सांगून त्यांनी तिचे वर्णन केले. ताज्या तेलात आलुबोंडा सोडला की त्याच्याभोवती मोठे बुडबुडे येतात आणि बोंडा वर काढताच ते विरतात; तेल खराब होत गेले की बुडबुडे बारीक होऊन त्यांचा फेस कढईभर पसरतो आणि लवकर बसत नाही. तेलाचा रंग चहासारखा होतो, झाऱ्यावरून त्याची धार न पडता ते चिकट होऊन ओघळते, आधीइतक्याच आचेवर त्यातून लवकर धूर निघू लागतो, आणि कढईच्या काठावर बोटाने न निघणारा राळेसारखा थर बसतो. बेसनाचा तळाशी बसलेला चुरा काळा होईपर्यंत तसाच राहिला तर ही सगळी प्रक्रिया वेगाने होते. म्हणून प्रत्येक घाण्यानंतर चुरा झाऱ्याने काढणे आणि दिवसअखेर तेल गाळणे एवढ्यानेही फरक पडतो. तरी फेस येऊ लागलेले तेल दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीला वापरण्याची जी सर्रास पद्धत आहे, ती सोडण्याला पर्याय नाही. भोजनालयचालक यावर काही वेळ गप्प राहिले, आणि त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ अध्यापिकांनी विचारला नाही.

भाताविषयीची चर्चा अधिक मोकळी झाली. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडीतून तयार केलेला एचएमटी तांदूळ या भागात आवडीने खाल्ला जातो, आणि धानाच्या जिल्ह्यात पाहुण्याला भात कमी वाढणे हा कंजूषपणा समजला जातो. त्यामुळे भात घटवण्याचा सल्ला भोजनालयचालकांना अभद्र वाटला. अध्यापिकांनी त्यांच्यापुढे सरकारी ताट ठेवले. महाराष्ट्र शासनाने २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू केलेल्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे वजन ठरवून दिलेले होते. ढोबळ हिशेबाने हे ताट पाचशे-साडेपाचशे उष्मांकांचे होते. “हे ताट आदर्श आहे असे नाही,” त्या म्हणाल्या. “राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ४०० ग्रॅम भाजीपाला सांगते, आणि दोन वेळा जेवून येथे त्याच्या निम्माच मिळतो. पण ग्रॅममध्ये बोलणारे ताट दहा रुपयांतही देता येते, एवढे यातून सिद्ध होते.”

“दहा रुपये गिऱ्हाइकाचे होते, वरचे अनुदान सरकारचे होते,” भोजनालयचालकांनी अचूक दुरुस्ती केली. “आम्हाला ते कोण देणार? भात स्वस्त आहे म्हणून भाताने पोट भरतो. डाळ आणि भाजी वाढवा म्हणता, तर पावसाळ्याच्या तोंडाला भाजीचा भाव काय असतो ते बाजारात जाऊन बघा.” त्यांचे म्हणणे अर्थशास्त्राच्या दृष्टीने निरुत्तर करणारे आहे, आणि आरोग्यदायी आहाराच्या चर्चेत ते जितक्या वेळा मांडले जायला हवे तितके मांडले जात नाही.

अध्यापिकांनी उत्तरादाखल तेलाचा आणि भाताचा भाव पुढे केला. रश्श्यावरची तर्री तळातल्या डावाने टाळली, तर वाचलेले तेल पुढच्या रश्श्याच्या मसाल्याला लागते. मागितल्याखेरीज दुसऱ्यांदा भात वाढला नाही आणि ‘हाफ राईस’ हा पर्याय फलकावर लिहिला, तर ताटातून कचऱ्यात जाणारा भात वाचतो. या बचतीत डाळीचा आणखी एक डाव बसतो की नाही, हे त्यांनी स्वतः न ठरवता भोजनालयचालकांच्या हिशेबावर सोपवले. डाळ मात्र तुरीची की लाखोळीची, आणि भज्यांचे बेसन निव्वळ हरभऱ्याचे आहे की भेसळीचे, हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह राहिला. तलावातील मासे तळण्याऐवजी रश्श्यात दिले, मागणाऱ्याला नानऐवजी कणकेची तंदूर रोटी दिली, शीतपेयाच्या बाटलीशेजारी मठ्ठ्याचा माठ ठेवला, जेवताना लोणचे-पापड आपोआप न वाढता मागितल्यावर दिले, तर जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला घातलेली पाच ग्रॅम मिठाची मर्यादाही फार दूर राहत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात आलुबोंडा बांधून देणे तर नियमानेच बंद आहे. त्यावर दोघांनीही वेळ घालवला नाही.

अखेरीस ठरले ते अपेक्षेपेक्षा थोडे होते. महिनेवारी जेवणाऱ्यांसाठी वेगळ्या पातेल्यात भाजी करावी, त्या भाजीला तळणाचे उरलेले तेल वापरू नये, आणि कढईतले तेल कोणत्या तारखेला बदलले ते भटारखान्याच्या दारावर खडूने लिहावे, एवढे भोजनालयचालकांनी मान्य केले. महामार्गावरून येणाऱ्यांच्या रश्श्यातली तर्री मात्र ते कमी करणार नव्हते. ती वेगळ्या वाटीत देण्याची गोष्ट मंडईचे दिवस आटोपल्यावर पाहू, असे ते म्हणाले. अध्यापिकांनी तारीख लिहिण्याची जागा भटारखान्याच्या दारावर न ठेवता गल्ल्याशेजारी, जेवणाऱ्यांना दिसेल अशी असावी, असे सुचवले. भोजनालयचालकांनी त्याला नकार दिला, कारण शेजारचा मालक तसे लिहीत नाही आणि तारीख दिसली की गिऱ्हाईक आधी तिचाच हिशेब मागेल. “तो मागावा म्हणूनच तर,” अध्यापिका म्हणाल्या, आणि हा मुद्दा दोघांमध्ये अनिर्णित राहिला.